रबाळ्यातला रोबो आणि संगणकात बसलेला त्याचा कंट्रोलर

ठाणे-बेलापूर पट्ट्यातला एखादा मध्यम आकाराचा फॅब्रिकेशन कारखाना डोळ्यांसमोर आणा. रबाळ्याला उतरून एमआयडीसीत शिरले की असे अनेक गाळे लागतात. अशा गाळ्यात एक वेल्डिंग रोबो आहे आणि त्याच्या दोन बाजूंना दोन जिग, म्हणजे पत्र्याचे तुकडे ठरलेल्या जागी धरून ठेवणारे साचे, आहेत. एका जिगवर कामगार पत्र्याचे तुकडे बसवतो, तेवढ्यात रोबो दुसऱ्या जिगवरचा ब्रॅकेट जोडून मोकळा होतो. दर ९० सेकंदांना एक ब्रॅकेट, म्हणजे तासाला ४० आणि आठ-आठ तासांच्या दोन शिफ्टमध्ये ६४०, असा हिशोब धरू. आता ग्राहकाने नवा ब्रॅकेट दिला आणि त्याचा प्रोग्राम रोबोला जागेवर उभे राहून शिकवायला दोन दिवस लागले, तर त्या दोन दिवसांत जुने १,२८० ब्रॅकेट तयार होणार नाहीत. रोबो शिकत असतो तेव्हा तो कमावत नाही. मालकाला नवा प्रोग्राम नको असतो असे नाही, पण त्यासाठी रोबो थांबवण्याची वेळ आली की तो ‘पुढच्या आठवड्यात बघू’ म्हणतो, याचे कारण हे साधे गणित आहे.

हे शिकवणे रोबोजवळ न जाता, संगणकावर, उत्पादन चालू असतानाच करण्याच्या पद्धतीला ऑफलाइन प्रोग्रामिंग म्हणतात. त्यासाठीची सगळी सॉफ्टवेअर वरवर पाहता सारखीच दिसतात. पडद्यावर रोबोचे चित्र असते आणि ते हलते. परंतु त्या चित्रामागे गणित कोण करते आहे, यावर त्या चित्रावर किती विश्वास ठेवायचा हे ठरते. व्हर्च्युअल कंट्रोलर, म्हणजे रोबोला चालवणाऱ्या कंट्रोलरमधलेच सॉफ्टवेअर साध्या संगणकावर चालवणे, ही कल्पना नेमकी तिथे येते आणि माझ्या अनुभवाप्रमाणे तिच्याविषयी दोन उलट गैरसमज आहेत. काहींना ते निव्वळ सादरीकरणासाठीचे चित्र वाटते, तर काहींना वाटते की संगणकावर चालले म्हणजे कारखान्यातही जसेच्या तसे चालणारच. पहिला गैरसमज यंत्राच्या अज्ञानातून येतो, दुसरा जागेच्या.

आधी जागेवरची पद्धत पाहू, कारण ती टाकाऊ नाही. रोबोच्या कंट्रोलरला जोडलेला पेंडंट, म्हणजे बटणे आणि पडदा असलेली पाटी, हातात घेऊन आपण रोबोला थोडे थोडे हलवतो, म्हणजे जॉग करतो. रोबोच्या हातातल्या वेल्डिंग टॉर्चचे टोक जोडाच्या सुरुवातीला आणून तो बिंदू नोंदवतो, मग पुढचा, मग त्याच्या पुढचा. पेंडंटच्या मागे डेडमॅन स्विच असतो. तो अर्धा दाबून धरला तरच रोबो हलतो. सोडला, किंवा घाबरून घट्ट आवळला, तर मोटरींचा पुरवठा तुटतो. शिवाय हाताने चालवण्याच्या या अवस्थेत टूलच्या टोकाचा वेग सेकंदाला २५० मिलिमीटरच्या वर जाऊ दिला जात नाही, कारण माणूस कुंपणाच्या आत उभा असतो. या पद्धतीचा मोठा गुण असा की नोंदवलेला प्रत्येक बिंदू खऱ्या जिगवर आणि खऱ्या पत्र्यावर तपासलेला असतो. रोबोचा मूळ आधार दोन मिलिमीटर इकडेतिकडे बसला असला तरी त्याने काही बिघडत नाही, कारण डोळ्याने पाहून लावलेल्या बिंदूत ती चूक आपोआप सामावून जाते. संगणकावर काम करताना आपण नेमका हा गुण सोडून देतो आणि तो पुन्हा मिळवायला वेगळे कष्ट पडतात. त्याविषयी पुढे सविस्तर लिहिते.

सुरुवातीच्या काळातली सिम्युलेशन सॉफ्टवेअर रोबोची हालचाल स्वतःच्या अंदाजाने दाखवत. रोबोच्या हातांची लांबी आणि सांध्यांच्या मर्यादा त्यांना माहीत असत, त्यामुळे रोबोचा हात अमुक ठिकाणी पोहोचेल का, एवढे ती बरोबर सांगत. परंतु एका बिंदूपासून दुसऱ्या बिंदूपर्यंत रोबो नेमका कसा जाईल आणि किती वेळात जाईल, हे रोबोच्या कंट्रोलरमधले सॉफ्टवेअर ठरवते आणि ते प्रत्येक उत्पादकाचे स्वतःचे, बंद असते.

वेळेच्या बाबतीत हा अंदाज किती चुकू शकतो, ते एका छोट्या गणिताने दिसते. समजा दोन बिंदूंमधले अंतर ५० मिलिमीटर आहे आणि आपण सेकंदाला १,००० मिलिमीटर वेग मागितला आहे. साधा भागाकार सांगतो की या हालचालीला ०.०५ सेकंद लागेल. पण रोबोचा हात जड असतो. तो शून्यापासून वेग घेतो आणि शेवटी पुन्हा शून्यावर येतो. त्याचा प्रवेग सेकंदवर्गाला ५ मीटर धरला, तर नुसता मागितलेला वेग गाठायलाच १०० मिलिमीटर अंतर लागेल. आपल्याकडे एकूण ५० आहे. म्हणजे रोबो तो वेग कधीच गाठणार नाही. तो निम्म्या वेगापर्यंत पोहोचेल, लगेच थांबायला लागेल आणि या हालचालीला ०.२ सेकंद, म्हणजे अंदाजाच्या चौपट वेळ जाईल. अशा शंभर लहान हालचाली असलेल्या प्रोग्राममध्ये सायकल टाइमचा, म्हणजे एक भाग पूर्ण व्हायला लागणाऱ्या वेळेचा, अंदाज कुठल्या कुठे जातो.

कोपऱ्यांचेही असेच आहे. एबीबी या रोबो उत्पादकाच्या रॅपिड या प्रोग्रामिंग भाषेत एखाद्या बिंदूपुढे ‘झेड १०’ लिहिले, तर रोबो त्या बिंदूवर न थांबता १० मिलिमीटर आधीच वळायला लागतो आणि कोपरा गोलसर कापतो. ‘फाइन’ लिहिले तर तो बिंदूवर पूर्ण थांबतो. वळताना वेग किती कमी करायचा, कुठल्या सांध्यावर किती ताण येऊ द्यायचा, हातात धरलेल्या वस्तूच्या वजनाप्रमाणे प्रवेग किती ठेवायचा, हे सारे कंट्रोलर क्षणोक्षणी ठरवत असतो. बाहेरच्या माणसाने त्याची नक्कल करायची म्हटले तर ती ढोबळच होणार.

ही अडचण मोटार उद्योगाला सर्वांत जास्त जाणवली, कारण एका लाइनवर शेकडो रोबो लावणाऱ्यांना दर स्टेशनमागे एका सेकंदाची चूकही परवडत नाही. १९९०च्या दशकात युरोपातले मोटार उत्पादक, रोबो उत्पादक आणि सिम्युलेशन सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपन्या ‘रिअॅलिस्टिक रोबॉट सिम्युलेशन’ या प्रकल्पात एकत्र आल्या. त्यातला विचार सरळ होता. रोबो उत्पादकाने आपली गुपिते उघड करू नयेत, पण हालचालीचे गणित करणारा कंट्रोलरमधला भाग बंद डबीसारखा द्यावा आणि सिम्युलेशन सॉफ्टवेअरने स्वतः अंदाज न बांधता त्या डबीला विचारावे. त्याच्या पुढचे पाऊल म्हणजे डबीऐवजी अख्खा कंट्रोलरच देणे. एबीबीचे रोबॉटस्टुडिओ १९९८ साली आले ते याच पायावर. खऱ्या कंट्रोलरमध्ये चालणारे सॉफ्टवेअर त्यात साध्या संगणकावर चालते. फॅनुकचे रोबोगाइड, यास्कावाचे मोटोसिम आणि कुकाचे ऑफिसलाइट हीही याच जातीची साधने आहेत. भाषा मात्र प्रत्येकाची वेगळी आहे, आणि एका उत्पादकाचा व्हर्च्युअल कंट्रोलर दुसऱ्या उत्पादकाच्या रोबोविषयी काहीही सांगू शकत नाही.

फरक समजावा म्हणून मी विद्यार्थ्यांना नेहमी ठाणे स्टेशन ते महापे या प्रवासाचे उदाहरण देते. नकाशावर अंतर मोजून आणि सरासरी वेगाने भागून किती वेळ लागेल ते कोणीही सांगेल. पण तो रस्ता रोज गाडीने कापणाऱ्या ड्रायव्हरला विचारले, तर तो कुठे वेग घेतो, कुठल्या वळणावर कमी करतो, कुठल्या पुलावरून जातो, हे सगळे त्याच्या उत्तरात आलेले असते. जुने सिम्युलेशन म्हणजे नकाशा. व्हर्च्युअल कंट्रोलर म्हणजे तोच ड्रायव्हर, त्याच्या सगळ्या सवयींसह. मात्र तो मोकळ्या रस्त्याविषयी बोलतो आहे. घणसोलीजवळ आज सकाळी रस्ता खणला आहे, हे त्याला कोणी सांगितले नसेल तर त्याला ते कळण्याचा मार्ग नाही.

म्हणून कामाची सुरुवात त्या ड्रायव्हरची ओळख पटवण्यापासून करावी. नव्याने एखादा कोरा व्हर्च्युअल कंट्रोलर तयार करण्यापेक्षा, कारखान्यातल्या खऱ्या रोबोचा बॅकअप पेन ड्राइव्हवर घेऊन त्यावरून व्हर्च्युअल कंट्रोलर उभा करावा. सॉफ्टवेअरची आवृत्ती तीच हवी आणि विकत घेतलेले पर्यायही तेच हवेत. इनपुट-आउटपुटची नावे, टूलची मापे, जुन्या प्रोग्राममधले सामायिक भाग हे सगळे बॅकअपबरोबर येते. हा अर्धा तास वाचवायला जाऊन पुढे दिवस घालवलेले लोक मी पाहिले आहेत. कोऱ्या कंट्रोलरवर उत्तम चाललेला प्रोग्राम खऱ्या रोबोत भरला की ‘हा सिग्नल अस्तित्वात नाही’, ‘ही आज्ञा ओळखता येत नाही’ अशा चुका एकामागून एक येतात.

त्यानंतर जिगचे आणि ब्रॅकेटचे त्रिमितीय आराखडे आत आणायचे, ते रोबोच्या समोर योग्य जागी ठेवायचे आणि जोडाच्या रेषेवर बिंदू बसवायचे. इथे संगणक खरोखर मदत करतो. आराखड्यातली कड निवडली की तिच्यावरचे बिंदू आणि टॉर्चची दिशा सॉफ्टवेअर स्वतः सुचवते. पण सुचवलेली दिशा वेल्डिंगच्या दृष्टीने योग्य असेलच असे नाही. मी अनेक वर्षे एका ज्येष्ठ वेल्डरला शेजारी बसवून हे काम करत आले आहे. एकदा पडद्याकडे बघत ते म्हणाले, “मॅडम, जाड पट्टी खाली आहे ना? मग टॉर्च एवढी पातळ पत्र्याकडे वळवू नका, भोक पडेल. उष्णता जाड्याकडे द्या.” कंट्रोलरला पट्टीची जाडी ठाऊक नसते. त्याला ठाऊक असतो तो बिंदू आणि दिशा. म्हणून माझे ठाम मत आहे की ऑफलाइन प्रोग्रामिंग संगणक येणाऱ्या एकट्या माणसाचे काम नाही. ज्याच्या हाताला वेल्डिंगची सवय आहे तो शेजारी हवा.

बिंदू बसले की व्हर्च्युअल कंट्रोलर आपली खरी किंमत दाखवतो. सहा सांध्यांचा रोबो एकाच बिंदूवर, टूलची दिशा तीच ठेवून, आठपर्यंत वेगवेगळ्या मुद्रांनी पोहोचू शकतो. कोपर वर किंवा खाली, मनगट सरळ किंवा उलटे, असे हे पर्याय असतात. चित्रात टॉर्चचे टोक प्रत्येक वेळी जोडावरच दिसते, पण एका बिंदूवर एक मुद्रा आणि पुढच्या बिंदूवर दुसरी असेल, तर रोबोला मध्येच मनगट पूर्ण फिरवावे लागेल. सरळ रेषेत जाण्याची आज्ञा असताना ते शक्यच नसते आणि कंट्रोलर चूक दाखवून थांबतो. व्हर्च्युअल कंट्रोलरही त्याच ओळीवर, त्याच क्रमांकाची तीच चूक दाखवून थांबतो. कारण त्या ओळीचा अर्थ लावणारे सॉफ्टवेअर दोन्हीकडे एकच आहे.

यापेक्षा फसवी गोष्ट म्हणजे सिंग्युलॅरिटी. पाचवा सांधा शून्य अंशाच्या जवळ आला की चौथ्या आणि सहाव्या सांध्याचे अक्ष एका रेषेत येतात. मग टूल किंचित वळवण्यासाठी या दोन सांध्यांना एकमेकांच्या विरुद्ध दिशेने प्रचंड वेगाने फिरावे लागते आणि गणिताने पाहिले तर अगदी त्या जागी हा वेग अमर्याद होतो. डोळ्यांना मात्र काहीच विचित्र दिसत नाही, उलट रोबोचे मनगट छान सरळ रेषेत दिसते. जागेवर शिकवताना हे अनेकदा प्रोग्राम पूर्ण वेगाने चालवल्यावरच कळते, आणि तोपर्यंत पन्नास बिंदू लावून झालेले असतात. संगणकावर प्रत्येक सांध्याच्या वेगाचा आलेख काढून हे आधी पाहता येते आणि जिग थोडे तिरके करून किंवा टॉर्च काही अंश वळवून टाळता येते. विशेषतः जिग अजून बनलेच नसेल तेव्हा हा शोध फार मोलाचा असतो, कारण कागदावरचे जिग हलवायला पैसे पडत नाहीत.

आता त्या खणलेल्या रस्त्याकडे वळू. सगळा विषय समजण्यासाठी अचूकता आणि पुनरावृत्ती यांतला भेद नीट लक्षात घ्यावा लागतो. रोबोची कामगिरी मोजण्याच्या आयएसओ ९२८३ या मानकात या दोन गोष्टी वेगवेगळ्या मोजल्या जातात. माहितीपत्रकात ‘अधिक-उणे ०.०५ मिलिमीटर’ असा आकडा असतो, तो पुनरावृत्तीचा. म्हणजे शिकवलेल्या बिंदूवर रोबो हजार वेळा परत आला तरी दर वेळी जवळजवळ तिथेच येईल. परंतु त्याला आकडे देऊन ‘आधारापासून अमुक इतक्या अंतरावर जा’ असे सांगितले, तर तो प्रत्यक्षात कुठे पोहोचेल ही अचूकतेची बाब आहे आणि तिच्यातली चूक काही मिलिमीटरपर्यंत असू शकते. हातांच्या लांबीत बनावटीचा सूक्ष्म फरक असतो, गिअरमध्ये किंचित सैलपणा असतो, स्वतःच्या वजनाने हात थोडा वाकतो. एका सांध्यात ०.०५ अंशाची चूक असेल, तर दीड मीटर लांब हाताच्या टोकाला ती १.३ मिलिमीटर होते. वेल्डिंगची वायर अनेकदा १.२ मिलिमीटर जाडीची असते आणि टॉर्च जोडापासून वायरच्या निम्म्या जाडीपेक्षा जास्त सरकू नये, हा वेल्डिंगमधला नेहमीचा ठोकताळा आहे. म्हणजे एका सांध्यातली एवढीशी चूकही जोड हुकवायला पुरेशी आहे.

जागेवर शिकवताना आपण पुनरावृत्तीच्या जोरावर काम करतो, संगणकावरून पाठवताना अचूकतेच्या. व्हर्च्युअल कंट्रोलर आदर्श रोबो गृहीत धरतो. त्याचे हात आराखड्याप्रमाणे काटेकोर लांबीचे असतात आणि त्याचे जिग आपण ठेवले तिथेच असते. कारखान्यातले जिग मात्र जमिनीत बोल्ट ठोकून बसवलेले असते, त्याखाली कोणीतरी पातळ पत्रा सरकवलेला असतो, आणि फोर्कलिफ्टचा धक्का लागून ते कधीतरी किंचित फिरलेले असते. ०.२ अंश फिरलेले जिग डोळ्यांना सरळच दिसते, पण ८०० मिलिमीटर दूरच्या टोकाला जोड जवळजवळ २.८ मिलिमीटर सरकलेला असतो.

यावरचा उपाय साधा आहे, पण तो काळजीने करावा लागतो. प्रोग्राममधले सगळे बिंदू रोबोच्या आधारापासून न मोजता जिगला जोडलेल्या एका चौकटीपासून मोजायचे. तिला कोणी वर्क ऑब्जेक्ट म्हणते, कोणी यूजर फ्रेम. खऱ्या जिगवर तीन ठळक बिंदू ठरवायचे, दोन एका कडेवर आणि तिसरा आडव्या दिशेला, आणि टूलच्या टोकाने त्यांना स्पर्श करून खरी चौकट कंट्रोलरला कळवायची. मग साठ बिंदूंचा प्रोग्राम एका झटक्यात खऱ्या जागेवर येतो. पहिले दोन बिंदू शक्य तितके दूर घ्यावेत. ते २०० मिलिमीटर अंतरावर घेतले आणि स्पर्श करताना एक मिलिमीटरची चूक झाली, तर एक मीटरवर ती पाच मिलिमीटर होते. तेच एक मीटर अंतरावर घेतले, तर चूक एक मिलिमीटरच राहते. जिग बनवतानाच असे तीन बिंदू, म्हणजे तीन टोकदार पिना किंवा अचूक छिद्रे, आराखड्यात घालून ठेवावीत असा माझा प्रत्येक जिग बनवणाऱ्याला आग्रह असतो. नंतर कोपऱ्याला टोक लावून मोजलेला बिंदू कधीच नेमका नसतो, कारण कोपरा घासून गोल झालेला असतो.

या तीन बिंदूंच्याही आधी टूलचे टोक कुठे आहे हे रोबोला बरोबर माहीत हवे. टेबलावर एक टोकदार पिन उभी करून टॉर्चच्या टोकाने तिला चार वेगवेगळ्या दिशांनी स्पर्श करतात आणि त्यावरून कंट्रोलर टूल सेंटर पॉइंट, म्हणजे टीसीपी, काढतो. या पायरीकडे दुर्लक्ष केल्याचा मला स्वतःला फटका बसला आहे. महाप्याच्या एका कारखान्यात मी संगणकावर तयार केलेला ६४ बिंदूंचा प्रोग्राम घेऊन गेले. चौकट मोजली, प्रोग्राम हळू वेगाने चालवला आणि टॉर्च जोडापासून तीन-चार मिलिमीटर बाजूला जाताना दिसली. मी चौकट पुन्हा मोजली. पहिला जोड जवळ आला, पण समोरच्या बाजूचा आणखी दूर गेला. मग मी दिवसभर उभी राहून एकेक बिंदू पेंडंटवर दुरुस्त केला, म्हणजे जे टाळण्यासाठी संगणकावर काम केले तेच अखेर जागेवर केले, आणि तेवढा वेळ त्यांचे उत्पादन बंद राहिले. दुसऱ्या दिवशी कळले की टॉर्चची नळी आदल्या आठवड्यात कशावर तरी आदळून किंचित वाकली होती आणि टीसीपी मात्र जुनाच होता. मी आधी पिनेवर टोक तपासले असते तर ते दहा मिनिटांत लक्षात आले असते.

त्या दिवसापासून मी एकही बिंदू दुरुस्त करण्याआधी चूक कशी वागते ते पाहते. सर्व बिंदू एकाच दिशेने सारखेच सरकलेले असतील, तर चौकट सरकली आहे. एका टोकाला चूक कमी आणि दूर जावे तशी वाढत असेल, तर चौकट फिरली आहे. टॉर्चची दिशा बदलली की चुकीची दिशाही तिच्याबरोबर फिरत असेल, तर दोष टीसीपीचा आहे. महाप्यात नेमके हेच होत होते आणि म्हणूनच चौकट पुन्हा मोजून काही साधले नाही. आणि पहिल्या ब्रॅकेटला चूक एका बाजूला, दुसऱ्याला दुसऱ्या बाजूला असेल, तर दोष रोबोत किंवा प्रोग्राममध्ये नाही. पत्रा वाकवतानाच कमी-जास्त झाला आहे किंवा जिगचा क्लॅम्प, म्हणजे पत्रा दाबून धरणारी पकड, सैल आहे. हे चार नमुने ओळखता आले की बहुतेक वेळा एक माप सुधारून सगळा प्रोग्राम जागेवर येतो. उरतात ते चार-पाच बिंदू, जे रोबोच्या पोहोचीच्या टोकाशी असतात, आणि ते हाताने लावण्यात काहीच कमीपणा नाही.

चौकट आणि टीसीपी बरोबर असूनही काही गोष्टी व्हर्च्युअल कंट्रोलरच्या नजरेबाहेरच राहतात. टॉर्चची केबल आणि वायरची नळी पडद्यावर बहुधा नसतेच. असली तरी ती खऱ्यासारखी लोंबत, पिळवटत नाही. मनगट गोल फिरताना ती जिगच्या क्लॅम्पमध्ये अडकते का, हे उभे राहूनच पाहावे लागते. वेल्डिंगच्या उष्णतेने पत्रा ओढला जातो, त्यामुळे पाचवा जोड करताना तो आराखड्यातल्या जागी नसतो. म्हणून जोडांचा क्रम ठरवणे अनुभवाचे काम आहे. जिगचे क्लॅम्प पीएलसी, म्हणजे यंत्रे चालवणारा वेगळा औद्योगिक नियंत्रक, चालवत असेल, तर क्लॅम्प बंद होऊन सेन्सरचा सिग्नल येईपर्यंत लागणारा वेळ आपण जो लिहू तोच पडद्यावर दिसतो. मी सायकल टाइम सांगताना रोबोच्या हालचालीचा वेळ आणि बाहेरच्या गोष्टींची वाट पाहण्याचा वेळ असे दोन आकडे वेगळे देते, कारण पहिल्याची मी खात्री देऊ शकते आणि दुसरा प्रत्यक्ष क्लॅम्पवर घड्याळ लावूनच कळतो.

सुरक्षेबाबत तर कोणतीही तडजोड नको. पडद्यावर धडक झाली नाही याचा अर्थ कुंपणाच्या आतली जागा सुरक्षित आहे असा होत नाही. ई-स्टॉप (तातडीने थांबवण्याचे बटण), दरवाजाचे इंटरलॉक (दार उघडताच रोबो थांबवणारे स्विच) आणि लाइट कर्टन (किरण अडले की रोबो थांबवणारा प्रकाशाचा पडदा) खऱ्या जागीच तपासावे लागतात. नवा प्रोग्राम पहिल्यांदा नेहमी हाताच्या अवस्थेत, कमी वेगात, एकेक ओळ पुढे नेत चालवावा, मग वेल्डिंग बंद ठेवून पूर्ण फेरी करावी आणि त्यानंतरच प्रत्यक्ष जोड घ्यावा.

हा खटाटोप कोणी करावा, हाही प्रश्न आहे. वागळे इस्टेटमधल्या एखाद्या कारखान्यात रोबो वर्षानुवर्षे एकच भाग उचलून ठेवत असेल, तर त्यांना सॉफ्टवेअरचा परवाना घेण्याची गरज नाही; पेंडंट पुरे. ज्यांच्याकडे दर महिन्याला नवे भाग येतात, ज्यांच्या एका भागात पन्नास-साठ जोड असतात, किंवा ज्यांना नवा रोबो घेण्याआधी तो जागेत मावेल का आणि मागितलेला सायकल टाइम देईल का हे पाहायचे आहे, त्यांना तो परवाना लवकर परवडतो. आयटीआय आणि पॉलिटेक्निकच्या मुलांसाठी तर याचे मोल वेगळेच आहे. एका रोबोभोवती वीस मुले उभी राहिली की पेंडंट प्रत्येकाच्या हाती पाच मिनिटेही येत नाही. व्हर्च्युअल कंट्रोलरमध्ये पेंडंटही पडद्यावर जसाच्या तसा मिळतो आणि त्यावर केलेल्या चुकीने काहीही मोडत नाही. मात्र अशा मुलांना महिन्यातून एकदा तरी खऱ्या रोबोवर चौकट मोजायला लावावी, कारण तो भाग पडद्यावर शिकता येत नाही.

शेवटची पायरी बहुतेक जण विसरतात आणि तिच्यामुळेच वर्षभरात संगणकावरचे काम निरुपयोगी होते. जागेवर चार बिंदू दुरुस्त केले, वेग बदलला, एखादा थांबा वाढवला, की त्याच दिवशी खऱ्या कंट्रोलरचा बॅकअप घेऊन तो संगणकावर परत आणायचा. रबाळ्याच्या ज्या कारखान्यात मी आता जाते, तिथे पेंडंटच्या हुकाजवळ एक साधी वही टांगली आहे. प्रोग्रामला कोणी हात लावला तर तारीख, बिंदूचा क्रमांक आणि कारण त्यात लिहायचे, असा सुपरवायझरांचा नियम आहे. मागच्या नव्या ब्रॅकेटच्या वेळी सकाळी साडेआठला टीसीपी पिनेवर तपासला, जिगच्या तीन पिना मोजल्या, हळू वेगाने दोन फेऱ्या घेतल्या आणि सात बिंदू हाताने लावले. जेवणाच्या सुट्टीआधी पहिला ब्रॅकेट गेजवर, म्हणजे माप तपासायच्या साच्यावर, बसला. ते सात क्रमांक वहीत लिहून आणि बॅकअप घेऊन मी निघाले, तेव्हा रोबो जुन्या ब्रॅकेटवर परत लागला होता.